गेमच्या मशीनमधला आत्याचा स्पीकर

अशा सदरांतले अनुभव मी वाचते ते हसायला. खोटं कशाला बोलू... कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या रिक्षात मागे बसलेला पॅसेंजर गायब होतो, आणि रिक्षावाला मात्र भाडं बुडालं म्हणून रडत नाही! मी शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेली बाई. लिटमस लाल झाला तर लाल, निळा झाला तर निळा, मधलं काही नाही. गावात लिंबू-मिरची टांगणाऱ्यांशी मी भांडलेली आहे. आमचे हे म्हणतात, हिच्यासमोर भूत आलं तर आधी त्यालाच रामरक्षा म्हणावी लागेल.

तरी हे लिहितेय. इतकी वर्षं लिहिलं नाही ते भीतीपोटी नाही, त्या दिवसांत मला भीती फारशी वाटलीच नव्हती. लिहायला बसलं की रडू येतं, म्हणून राहिलं.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला. आता त्याला गाव म्हणायचं ते पाटी आहे म्हणून, बाकी चहूकडे बिल्डिंगा. पण मी सांगतेय ती नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं. नवीन पनवेल तेव्हा खरंच नवीन होतं. खांदा कॉलनीत अर्ध्या इमारतींना रंग लागायचा होता आणि कॉलनीतली पोरं संध्याकाळी करायचं काय म्हणून रस्त्यावर हिंडायची. माझ्या दादानं ते बरोबर हेरलं. दादा उरणच्या बाजूला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन, पहाटे जायचा आणि दुपारी परत. त्यानं कॉलनीच्या तोंडाशी एक गाळा भाड्यानं घेतला आणि व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं. तो घरी येऊन, जेवून, जरा पाठ टेकेपर्यंत गाळ्यावर मी बसायची. पोरं शाळेत, गाळा रिकामा, आणि मी एकटी कॉलेजची पुस्तकं उघडून समोरच्या रस्त्याकडे बघत.

घरात माणसं मोजकी. बाबा, दादा, वहिनी आणि मी. आई मी दोन वर्षांची असताना गेली. तिचा एकही फोटो नाही... तेव्हा आमच्याकडे फोटो काढायचे ते लग्नात नाहीतर कोर्टाच्या कामाला, आणि आईच्या नशिबी दोन्ही वेळा फोटोवाला आला नाही. मला वाढवलं ते हिरा आत्यानं. बाबांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली.

हिरा आत्या धवलारीण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी आला तो मागाहून, त्याआधीपासून लग्न लावते ती धवलारीण. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. आमच्या आत्याचा सगळ्यात मोठा धवला म्हणजे बोलावण्याचा. त्यात ती आधी देवांना बोलवायची आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. नुसती नावं नाही घ्यायची, प्रत्येकाची एक खूण सांगायची. आमचे आजोबा यायचे ते खांद्यावर जाळं टाकून. आजी यायची तोंडात पान घेऊन. मांडवात बसलेली म्हातारी माणसं ते ऐकून हसायची आणि लगेच डोळ्यांना पदर लावायची, कारण माणूस खरंच तसाच दिसायचा. हे सगळं तिच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही.

माझी आई मला भेटली ती या धवल्यात. दादाच्या लग्नात मी नऊ-दहा वर्षांची होते. आत्यानं आईची, म्हणजे येशीची, ओळ घेतली, "येशी आयली गो आयली, ओल्या हातानी..." आणि त्याच क्षणी बाहेर कुणीतरी फटाक्याची माळ लावली. पोरंच ती, सगळ्यांबरोबर मीही बाहेर पळाले. ओल्या हातांनी आई काय करत आली, ते ऐकायचं राहिलं.

पुढे कळती झाल्यावर मी आत्याच्या मागे लागले. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, कितीदा तरी.

"आत्या, म्हन ना गो आयची ओल."

"बोलावनं घरान बसून म्हनाचा नसतं, नंदे," ती म्हणायची. "मांडव नाय तं त्यांना बोलवून बसवाचा कुठं? ती दारान येतील, आन परत जातील."

"मंग नुसती सांग. गावू नको."

"सांगाची गोष्ट हाय का ती? तुजे लग्नान म्हनीन. तुला हलदीला बसवीन आन म्हनीन. तवा ऐक पोटभर."

मी रुसायची. ती हसायची. तिच्या हसण्याचा आधी घशात खर्र आवाज व्हायचा आणि मग हसू यायचं.

वयामुळे तिचा गळा बारीक झाला, तेव्हा दादानं तिला एक पेटी बनवून दिली. लाकडी खोका, आत अॅम्प्लिफायर, पुढे सहा इंची स्पीकर आणि एक माईक. आत्यानं आधी शिव्या घातल्या, "मना काय मेल्या भाजी इकाची हाय?" पण नंतर ती पेटी तिनं सवतीच्या पोरासारखी मिरवली... म्हणजे आधी नाक मुरडून आणि मग मांडीवरून न उतरवता. एसटीतून पेटी घेऊन ती उरणपासून कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत लग्नं लावत हिंडायची. माईक एकच, तो तिच्या हातात. मागे साथीला उभ्या बायका आपल्या गळ्याच्या जोरावर.

आणि मग, मी कॉलेजात असताना, एका पावसाळ्यात ताप येऊन ती गेली. चार दिवस आधी भाकऱ्या थापत होती. तिचा आवाज कुणी टेप केलेला नव्हता. घरात टू-इन-वन होता, कॅसेटी होत्या, सगळं होतं. पण रोज ज्या आवाजात "उठ गो, सूर्य डोस्क्यावर आयला" ऐकायचं तो टेप करावा असं कुणाच्या मनात येतं?

पेटी माळ्यावर गेली.

त्यानंतर वर्षभरानं दादानं तिसरं मशीन आणलं. मुंबईत कुणीतरी पार्लर बंद करत होतं, तिथून. पुरुषभर उंचीचं, बाजूला उडालेल्या रंगाची चित्रं, जॉयस्टिकचा गोळा हातांनी गुळगुळीत झालेला. जुनं होतं पण पडदा झकास होता. टेम्पोतून उतरवलं, प्लग लावला, कॉईन टाकलं... आणि आवाजच नाही. दोन हिरो एकमेकांना लाथा मारतायत आणि गाळ्यात फक्त पंख्याची घरघर.

दादानं मागची फळी काढली. स्पीकरच्या जागी गोल भोक होतं आणि दोन वायरी टेप गुंडाळून लोंबकळत होत्या. कुणीतरी स्पीकर काढून नेला होता.

पोरं त्या मशीनकडे फिरकेनात. मुका गेम कोण खेळणार? एकानं तर त्याला "टाटा करणारं मशीन" नाव ठेवलं, कारण त्यातला हिरो हात हलवत नुसताच तोंड उघडायचा. दादानं पनवेलच्या बाजारातून दोन स्पीकर आणून पाहिले, एक भोकात शिरेना आणि दुसरा भोकातून आत पडला. मग त्याला माळ्यावरची पेटी आठवली. त्यानं बाबांना विचारलं, विचारल्याशिवाय हात लावला नाही.

"लाव," ते म्हणाले. "माल्यावर उंदरानी कुरतरून काय उपेग? पोरांचे कानावर परला तं तिला बराच वाटंल. तिला पोरांची लय माया होती."

आत्याचा स्पीकर त्या भोकात असा बसला की जणू त्याचीच जागा. जुन्या स्क्रूची भोकंसुद्धा जुळली. दादानं वायरी सोल्डर केल्या, कॉईन टाकलं, आणि गाळाभर असा दणका उठला की पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या.

त्याच आठवड्यात माझा साखरपुडा झाला. मुलगा उरणकडचा, शिकलेला, मला पसंत. लग्न महिन्याभरावर धरलं. सगळे आनंदात होते. मला मात्र मधूनच आठवायचं की मांडव उभा राहील, हळद लागेल, पण आत्या नाही, म्हणजे आईची ओळ नाही. ज्या दिवसाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, त्याच दिवशी आई येणार नाही असं वाटायचं. बघा, भुताखेतांवर विश्वास नसलेली मी, पण आईच्या बाबतीत माझं हे असं होतं.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाळ्यावर होते. कुणी खेळत नसलं की मशीनच्या पडद्यावर आपोआप तीच ती लढाई चालू राहते, आवाज न करता. ऊन रस्त्यावर रणरणत होतं. मी पुस्तकात डोकं घातलेलं.

घशात खर्र झालं.

मला वाटलं दादा आला. वर पाहिलं, कुणी नाही. आणि मग मशीनमधून, अगदी हळू, पण तिच्याच हेलात –

"मांडव घातला दारी गो... कोन कोन आयलं दारी..."

बोलावण्याची पहिली ओळ. मग थांबली. स्पीकरची बारीक गूं गूं ऐकू येत राहिली, माईक चालू असताना येते तशी. जरा वेळानं पुन्हा तीच ओळ आणि पुन्हा शांतता. मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला आणि सगळं बंद झालं.

मी घाबरले नाही, हे आधी सांगितलंय. मला काय झालं ते सांगता येत नाही... उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं काहीतरी. मी मशीनवर हात ठेवून उभी राहिले, दादा येईपर्यंत.

"दादा, आत्या गाते हय यान," मी सांगितलं.

"रेडिओ पकरत आसंल," तो सहज म्हणाला. "वायर लांब ऱ्हायली की अँटेना होते तिची."

"कनचे स्टेशनवर आपली आत्या लावतान?"

तो हसला. पण दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून घरी न जाता सरळ गाळ्यावर आला. दोघं बसून राहिलो. बराच वेळ काही नाही. तो उठणार, एवढ्यात खर्र... आणि ओळ. दादाच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी पाहिला. पण इलेक्ट्रिशियन शेवटी इलेक्ट्रिशियन. त्यानं प्लग काढला, मागची फळी उघडली आणि स्पीकरच्या दोन्ही वायरी बोर्डापासून तोडल्या. मग प्लगही नाही, बोर्डही नाही, असा नुसता स्पीकर त्या भोकात. आम्ही बघत राहिलो. त्या सुट्या वायरींच्या स्पीकरमधून आत्यानं पुन्हा ओळ घेतली. "मांडव घातला दारी गो..." कागदाचा कोन, तो स्पीकरमधला शंकू, हलताना मी डोळ्यांनी पाहिला.

दादा खाली बसला. "आयला," एवढंच म्हणाला.

मग आमच्या डोक्यात एकच गोष्ट आली, रेकॉर्ड करायचं. एकदा चुकलेलं पुन्हा चुकू द्यायचं नाही. एक ओळ आली म्हणजे पुढच्याही येणार, देव येतील, आजोबा जाळं घेऊन येतील, आजी येईल, आणि मग आई येईल ओल्या हातांनी... आणि या वेळी मी कुठेही पळणार नव्हते. दादानं घरून टू-इन-वन आणला, कोरी कॅसेट घातली, पंखा बंद केला. गाळ्याचं शटर अर्धं ओढून पोरांना हाकललं. आम्ही दोघं घामानं निथळत श्वाससुद्धा जपून घेत होतो.

ओळ आली. थांबली. आली. थांबली. मला ती ओळ पाठच झाली होती. एकदा ती थांबल्यावर माझं तोंड आपोआप उघडलं, लहानपणापासून कानावर पडलेली चाल, जिभेवर आलीच. दादानं चटकन ओठांवर बोट ठेवलं आणि टू-इन-वनच्या लाल दिव्याकडे दाखवलं. मी तोंड मिटलं.

कॅसेटवर काय आलं? आमचे श्वास. रस्त्यावरची सायकलची घंटी. आत्या नाही.

असे आम्ही आठवडाभर बसलो. रोज ती यायची, रोज तीच ओळ, रोज तिथेच अडायची. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती मी दादाला सांगितली नाही. तिचा आवाज रोज थोडा अधिक थकलेला वाटायचा.

शेवटी वहिनीनं बाबांना सांगितलं. तिला काय दोष द्यायचा, नवरा आणि नणंद जेवण सोडून मशीनसमोर बसतायत म्हटल्यावर कोण गप्प बसेल? बाबा आले, स्टुलावर बसले, हातात टोपी. ओळ आली. सत्तरीचा माणूस, ज्याला मी आईच्या श्राद्धालासुद्धा कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मी "बाबा" म्हणून जवळ जायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"बोलू नको. कोनीच बोलू नको. मेल्या मानसाचे हाकंला ओ देवाची नसते."

हे आमच्याकडे पूर्वीपासूनचं आहे. सांजवेळी खाडीवरून कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, ओ दिली की तो माणूस सोबत नेतो म्हणतात. एरवी मी त्यावर दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी नाही विचारले.

"ती आरकलीय," घरी आल्यावर ते म्हणाले. "त्या खोक्यान जीव आरकलाय तिचा. पुढं जाता येत नाय तिला, म्हनून एकच ओल म्हनते. माजी बहीन हाय ती, मना ऐकवत नाय. तिला मोकली करा."

"बाबा, थोरं दिस थांबू," मी म्हटलं. "पुढची ओल आयली तं आय..."

"नंदे." त्यांनी हात जोडले. बापानं पोरीला हात जोडलेले बघवत नाहीत हो.

त्यांनी स्पीकर मशीनमधून स्वतःच्या हातानं काढला. आत्याच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला, सोबत नारळ आणि दहीभात. भरती चढलेली असताना दादा आणि ते खाडीवर गेले. सुपारी फुटलेल्या पोरीनं खाडीवर जायचं नसतं, म्हणून मी घरीच. ओट्यावर बसून होते. परत आल्यावर दादा पाय धूत म्हणाला, "लगेच बुरला नाय गो. जरा वेल तरंगला आन मंग गेला." हे त्यानं मला का सांगितलं कुणास ठाऊक.

लग्न आलं. बाबांनी दुसऱ्या गावची धवलारीण बोलावली. आमच्या आत्याच्या मानानं तरुण, आवाज खणखणीत, स्वभाव तिखट. तिला आमची माणसं माहीत नव्हती, तेव्हा तिनं आधीच बाबांना विचारून घेतलं होतं कुणाकुणाला बोलवायचं ते. बाबांनी नावं सांगितली. खुणा त्यांना अर्ध्याच आठवत होत्या, ओळीत जुळवता येईनात.

मला पाटावर बसवलं. अंगाला हळद, डोळ्यांत पाणी, भोवती बायकांचा गलका. ती उभी राहिली, घसा साफ केला आणि पहिली ओळ घेतली. आमच्या आत्याचीच ओळ, चाल थोडी वेगळी. ओळ संपली आणि ती थांबली. बायका गप्पांत. तिनं पुन्हा तीच ओळ म्हटली आणि थांबली. मागे कुणीतरी खिदळलं. तिसऱ्यांदा तीच ओळ, तसंच थांबणं. मग कमरेवर हात ठेवून ती मागे वळली.

"उब्या काय ऱ्हायल्याव भावल्यांसारख्या? उचला की! तुमी ओल उचलली नाय तं मी पुढं जाव कशी? रातभर हीच म्हनू का?"

बायका ओशाळल्या. सगळ्यांनी मिळून ओळ उचलली, "मांडव घातला दारी गो..." आणि मग ती पुढे गेली.

मी पाटावरून मान वर केली. समोर गर्दीत दादा उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्यालाही कळलं होतं.

धवला असाच असतो. धवलारीण ओळ टाकते, मागच्या बायका उचलतात, तेव्हाच ती पुढची टाकते. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं. आत्याच्या मागे उभी राहून मी स्वतः ओळी उचलल्या होत्या. आत्या अडकलेली नव्हती. ती माझ्या लग्नात म्हणणार होती, म्हणून लग्न ठरल्याबरोबर आली आणि आठवडाभर रोज ओळ टाकून थांबत राहिली, आम्ही उचलू म्हणून. आणि आम्ही? दादानं आणि मी यंत्रावर विश्वास ठेवून तोंड बंद ठेवलं. बाबांनी जुन्या माणसांवर विश्वास ठेवून तोंड बंद ठेवायला लावलं. शिकलेली आणि न शिकलेली, आमच्या घरात एरवी कधी एकमत झालं नाही, ते नेमकं गप्प राहण्यात झालं.

धवलारीण नावं घेत गेली. आईचं नाव आलं. "येशी आयली गो आयली..." आणि तिला खूण माहीत नव्हती, म्हणून तिनं सगळ्या सवाष्णींना लावतात तशी "हलद-कुकवानी" अशी जोडली. बायकांनी ती उचलली. मीही उचलली. ती माझी आई नव्हती.

मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा दुपारी मी एकटीच खाडीवर गेले. ओहोटी होती, नुसता चिखल, त्यात बगळे. मी काठावर उभी राहून मोठ्यानं ओळ उचलली. एकदा, दोनदा, तीनदा. बगळे उडाले, दुसरं काही झालं नाही. कोनाचा कागद खाऱ्या पाण्यात किती दिवस टिकणार, हे प्रयोगशाळेत न जाताही कळतं.

मागे वळले तर बाबा उभे. माझ्या मागोमाग आले असणार. त्यांना मी काही समजावलं नाही, मांडवात तेही होतेच की. ते चिखलाकडे बघत गाऊ लागले. माझे बाबा जन्मात कधी गायले नव्हते, आवाज फाटका, सूर कुठेच नाही.

"येशी आयली गो आयली... ओल्या हातानी..."

आणि थांबले. मी श्वास रोखला... आणि मग रोखलेला सोडला आणि ओळ उचलली. "येशी आयली गो आयली, ओल्या हातानी..." त्यांचे ओठ हलले. पुन्हा हलले.

"पुढचा नाय आठवत गो," ते म्हणाले. "मी बी तवा फटाके लावाला बाहेर गेलतू."

दादानं पुढे मशीनला नवा स्पीकर बसवला, लाकडाची रिंग कापून. तो चांगला वाजायचा. काही वर्षांनी पार्लर बंद झालं आणि ते मशीन भंगारात गेलं. सुट्या वायरींच्या स्पीकरमधून आवाज कसा आला, हे मी नंतर फिजिक्सच्या दोन सरांना विचारलं. नाव न सांगता, मैत्रिणीचा अनुभव म्हणून. एकानं रेडिओ लहरी सांगितल्या, दुसऱ्यानं मनाचे खेळ. माझ्याकडे दोन्हींपेक्षा चांगलं उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी हसणार नाही.

आईचे हात कशानं ओले होते, यावर मात्र मी आजही विचार करते. बाबा म्हणायचे, ती कायम कामात असायची. तांदूळ धूत असेल. मासळी निवडत असेल. मला न्हाऊ घालत असेल.

घरात भांडी घासताना, हात ओले असताना, मी आईची ओळ म्हणते आणि थांबते. आमचे हे आता पलीकडच्या खोलीतून ती उचलतात, न विचारता, बेसूर. मग पुढची ओळ टाकायची पाळी माझी असते.